हाकेचा फोन

गाडीतळावरच्या कुलूपबंद केबिनमध्ये फोन वाजायला लागला, तेव्हा लालासाहेब फाटकावरच्या लाकडी खुर्चीत बसून तळहातावर तंबाखू मळत होते. घंटा ऐकून अंगठा थांबला नाही. उलट जरा जोरानंच फिरू लागला.

उसाचं गाळप संपून साखर कारखाना थंड झाला होता. हंगामात ज्या तळावर बैलगाड्या नि ट्रॅक्टर यांच्यामधून माणसाला वाट काढावी लागते, तिथं आता नुसतं वाळलेलं पाचट वाऱ्यानं इकडून तिकडं सरकत होतं. असल्या मोकळ्या मैदानात फोनची घंटा लांबवर जाते. फाटकापर्यंत तर येतेच.

"वाजतोय बघा," नाथाजी म्हणाला.

नाथाजी हा फाटकावरचा दुसरा रखवालदार. माण तालुक्यातला. त्याच्या गावाकडं पाणी कमी आणि याच्याकडं बोलणं जास्त, असं कारखान्यात म्हणत.

"वाजू दे."

"काल बी ह्याच वक्ताला वाजत हुता. शिझन सपल्याव गाडीतळाव कुणाचं काय काम आडलंय?"

"राँग नंबर आसंल."

"राँग नंबर रोज येतोय व्हय हवालदार? एवढा चिवट राँग नंबर म्या बघितला न्हाई. सुट्टी द्याय तयार न्हाई गडी."

लालासाहेबांनी तंबाखूवर दोन चापट्या मारल्या, चिमूट गालात सोडली आणि तळाकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड केलं. घंटा थांबली. त्यांनी श्वास सोडला न सोडला तोच ती पुन्हा सुरू झाली.

राँग नंबर नव्हता. सहा-सात मैलांवर, आपल्या घरी खाटेवर पडलेली मनुबाई, त्यांची बायको, त्यांना हाक मारत होती. आणि ती हाक फाटकावर न येता बंद केबिनमध्ये वाजेल अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच्या हातांनी केली होती.

मनुबाई दोन वर्षांपूर्वी उसाच्या शेंड्यांच्या हिरव्या वाड्यानं भरलेल्या ट्रॉलीवरून पडली. मानेवर पडली. मिरजेच्या दवाखान्यात कित्येक महिने काढून ती घरी आली तेव्हा मानेखालचं शरीर तिचं राहिलं नव्हतं. हात होते, पण उशाशी ठेवलेल्या सामानासारखे. आवाज मात्र पडताना कुठंही न खरचटता बचावला होता. किंबहुना आधी चूल, शेत, गुरं असा वाटला जाणारा सगळा जोर आता त्या एका आवाजातच गोळा झाला होता.

मुलगा विश्वजीत साताऱ्यात कंपनीत नोकरीला. आईपाशी येऊन राहणं त्याला जमत नव्हतं आणि न जमणं सोसतही नव्हतं. असल्या अडचणीत सापडलेला माणूस जे करतो ते त्यानं केलं: एक यंत्र पाठवलं. त्याचा मित्र जहाजावर इंजिनिअर होता. त्यानं सिंगापूरहून एक फोन आणला. या फोनला बोटं लागत नव्हती. नाव उच्चारलं की तो आपला आपण नंबर फिरवायचा आणि पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. इस्लामपुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेल्या धम्मपालनं स्कूटरच्या हॉर्नचं बटण मनुबाईच्या गालाजवळ उशीला शिवून बसवलं. गाल दाबला की यंत्र जागं व्हायचं, आतली बाई इंग्रजीत "नेम प्लीज" म्हणायची. घरात तिला सगळे 'मडम' म्हणत.

यंत्राला आवाज शिकवायचा दिवस दिवाळीतला. विश्वजीतची मुलगी साक्षी पुस्तिका वाचत होती, धम्मपाल तारा जोडत होता, आणि विश्वजीत जे काही चाललंय ते आपल्यामुळंच, अशा चेहऱ्यानं उभा होता. त्याचं आणि मिरजेच्या डॉक्टरांचं नाव यंत्रात घालून झालं होतं.

"आजी, आता आजोबांचं नाव घे. दोनदा. दोन्ही वेळा सारखंच."

मनुबाईनं आढ्याकडं बघितलं.

"कुणाचं?"

"आजोबांचं गं. लालासाहेब म्हण."

"तू म्हण की. तुजा आजा हाय."

"मी म्हणून चालत नाही. ते फक्त तुझा आवाज ओळखणार."

"मग वळखू दे. आवाज हाय माजा. नाव कशाला पायजेल?"

लालासाहेब उंबऱ्याशी उभे होते. फौजेत पंधरा वर्षं काढलेला माणूस त्या क्षणी भिंतीवरचं कॅलेंडर फार बारकाईनं वाचू लागला. शेवटी धम्मपालच मध्ये पडला.

"मावशी, कायबी म्हणा. तिला अर्थाशी देणंघेणं न्हाई. दोन्ही बारीला आवाज तेवढा सारखा पायजे. 'भाकरी' म्हणलासा तरी हवालदारास्नीच लागंल."

मनुबाईनं क्षणभर विचार केला. मग गाल दाबून, संसार मांडल्यापासून ज्या शब्दावर सगळं भागवलं होतं तोच शब्द तिनं यंत्राला दिला.

"आवं."

सगळे हसले. यंत्रानं तिचाच आवाज तिला परत ऐकवला, "आवं", आणि पुढच्या क्षणी फाटकावर नाथाजीनं "हालो, गेट" म्हटलं. मनुबाई लहान मुलीसारखी हसली. पडल्यापासून ती तशी हसली नव्हती. त्या हसण्याचं सगळं श्रेय विश्वजीतनं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तो हलक्या मनानं साताऱ्याला गेला.

यंत्र इमानदार निघालं. एकच खोड होती. आवाज चढला की त्याला ओळख पटायची नाही. मनुबाईनं रागानं "आवं!" म्हटलं की मडम "सॉरी" म्हणून मोकळी. त्यामुळं नवऱ्याशी भांडायचं असलं तरी आधी त्याला गोड आवाजात बोलवावं लागायचं. इतकी वर्षं जे कुणाला जमलं नव्हतं ते मडमनं करून दाखवलं, असं लालासाहेब पहिल्या महिन्यात सांगायचे. पहिल्या महिन्यात ते स्वतःच हे सांगून हसायचे.

दिवसा मनुबाईजवळ बाळाबाई असायची. मिरजेच्या दवाखान्यात ती आया होती. मनुबाईचं अंग कसं वळवायचं, पाठ कशी जपायची हे तिला घरच्यांपेक्षा चांगलं कळत होतं, म्हणून लालासाहेब तिच्या वस्तीवर जाऊन तिला विनवून घेऊन आले. याआधी बाळाबाईची आई या घरी यायची ती अंगणापर्यंत. आता बाळाबाई मनुबाईला आपल्या हातानं घास भरवत होती. यावर दोन्हीकडून कुणी काही बोललं नाही. बोललं नाही म्हणजे कळलं नाही असं मात्र नाही. दुपारी बाळाबाई आपल्या घरी जेवायला आणि म्हाताऱ्या सासऱ्याचं बघायला जायची. तेवढी दुपार मनुबाई, पंखा आणि यंत्र.

मग फोन यायचे.

"आवं, नाकाव माशी बसलीया."

"मग मी हितनं काय करू?"

"काय न्हाई. सांगितलं."

किंवा, "आवं, शेजारच्या नानासोची म्हस लय वरडतीया. पाणी पाजलं नसंल." किंवा, "आवं, जेवलासा का?" आणि अर्ध्या तासानं पुन्हा, "आवं, काय खाल्लं?" रिसीव्हर कानाला घट्ट दाबला तरी तो खणखणीत आवाज फाटकाबाहेरच्या पानाच्या टपरीपर्यंत जायचा. पोरं हवालदारांना बघून एकमेकांना "आवं" म्हणायला लागली. नाथाजी तर घंटा वाजली की उठून सलाम ठोकायचा, "हवालदार, वरनं आर्डर आलीया."

चैत्र सरता सरता, गाळप आटपल्यावर, एकदा मोठ्या साहेबांची गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत राहिली, आणि लालासाहेब रिसीव्हर हातात धरून पंख्याचा आवाज कसा बदललाय ते ऐकत होते. मनुबाई मध्येच सोडत नव्हती. साहेबांनी काच खाली केली. ते ओरडले नाहीत.

"हवालदार, घर घरी ठेवून येत चला," एवढंच म्हणाले. पण टपरीवरची सगळी मंडळी ऐकत होती.

त्यानंतरच्या रविवारी मनुबाईचा डोळा लागलेला बघून लालासाहेब यंत्रापाशी बसले. साक्षीची बोटं त्यांनी लक्ष देऊन बघितली होती. आवाज तोच ठेवायचा, नंबर तेवढा बदलायचा. फाटकाच्या नंबरात शेवटी चार होता, गाडीतळाच्या केबिनच्या नंबरात पाच. तेवढंच अंतर. यंत्रानं बारीक पीऽप केलं. मनुबाईनं डोळे उघडले.

"काय करतायसा?"

"धूळ बसलीया. पुसतोय."

त्यांचा हिशेब तसा सरळ होता. रात्रभर दर थोड्या वेळानं तिला कुशीवर वळवायचं, सकाळी तिचं सगळं आवरायचं, वेणी घालायची. होय, वेणीसुद्धा, आणि ती चांगली यायला लागली होती. एवढं सगळं जमेच्या बाजूला असताना दिवसाचे चार तास आपल्या नावावर मागितले तर काय बिघडलं? शिवाय कायमचं थोडंच? साहेब विसरले की पुन्हा पाचाचा चार.

पहिल्या दिवशी गाडीतळावर घंटा वाजली तेव्हा त्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी निवांत, चवीनं चहा घेतला आणि रात्री तिनं फोनचं विचारलं तेव्हा विषय बदलला. तिसऱ्या दिवसापासून मात्र एक अडचण ध्यानात आली, जी हिशेबात धरायची राहून गेली होती. फाटकावरचा फोन वाजला की उचलता येत होता, म्हणजे थांबवता येत होता. बंद केबिनमधला फोन उचलता येत नव्हता. तो पूर्ण वाजेपर्यंत ऐकावा लागत होता. आणि प्रत्येक वेळी घंटा सुरू व्हायच्या आधी तिकडं तिनं गाल दाबून, राग येऊ न देता, गोड आवाजात हाक मारलेली असणार, हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी, नाथाजीनं "सुट्टी द्याय तयार न्हाई गडी" म्हटलं त्या दिवशी, घंटा फारच वेळ वाजत राहिली. थांबायची, लगेच सुरू व्हायची. लालासाहेब एकदा खुर्चीतून उठले. तळाच्या दिशेनं थोडे चाललेही. मग केबिनची किल्ली ऑफिसात असते आणि ऑफिसात किल्ली मागायची तर कारण सांगावं लागतं, हे आठवून परत येऊन बसले.

संध्याकाळी घरी आले तर बाळाबाई अजून गेलेली नव्हती. मनुबाईच्या मानेवर, कानामागं, गालावर लाल गांधी उठल्या होत्या आणि बाळाबाई त्यांवर खोबरेल लावत होती.

"मुंग्या," बाळाबाई म्हणाली. "खारीचा चुरा उशीत ऱ्हायला. चूक माजीच. मी आले तवा वळ लागली हुती हितनं हितवर." तिनं खाटेच्या पायापासून उशीपर्यंत बोट फिरवलं.

लालासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"खाली समजत न्हाई ते बरं," मनुबाई म्हणाली. "वरलं तेवढं समजलं." आणि थोड्या वेळानं, तक्रार नव्हे, नुसती चौकशी केल्यासारखं, "फोन वाजत हुता. उचलला न्हाईसा."

"विशूला लावायचास."

"साताऱ्यात दुपारचं कोण आसतंय? सून शाळंत शिकवाय, त्यो कंपनीत. आन् मिरजंच्या डाक्टरला काय सांगू, मुंग्या चावत्यात?"

बाळाबाईनं तेलाची वाटी उचलली नि ती आत गेली. आता दोघंच. खरं सांगायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती; म्हणूनच बहुतेक लालासाहेबांना ती फार जवळ आलेली वाटली.

"माझ्याकडं वाजलाच न्हाई," ते म्हणाले. यातला शब्द न् शब्द खरा होता.

"मग वाजतोय कुटं?"

"मशिनीचं काय खरं सांगावं! नावं लागत्यात तिला. आवं हे काय कुणाचं नाव हाय व्हय? आवं म्हणणाऱ्या हजार जणी. लावत आसंल कुणाच्या तरी घरला."

बोलून झाल्यावर ते स्वतःच चपापले, इतकं ते चांगलं जमलं होतं. मनुबाई आढ्याकडं बघत राहिली. तिच्या कपाळाला एक आठी पडली आणि बराच वेळ राहिली. कुण्या परक्या बाईच्या घरात आपली हाक रोज वाजते आणि तिचा नवरा उचलायचा का न उचलायचा म्हणून बघत बसतो, असं काहीतरी चित्र तिच्या डोळ्यांपुढं आलं असावं, कारण ती एकदम म्हणाली,

"आगाबया."

दुसऱ्या दिवशी गाडीतळावरचा फोन वाजला नाही.

लालासाहेबांनी तंबाखू मळली. टपरीवर जाऊन आले. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद घेतली, आणि जे आले-गेले नव्हते त्यांचीही घ्यावी असं त्यांना वाटू लागलं. दुपार तळावर येऊन बसली. पाचट हललं की त्यांची मान तिकडं वळायची.

"आज राँग नंबर थंड पडला म्हणायचा," नाथाजी म्हणाला.

"तुला काय करायचंय रं?"

"मला काय? पर सवं लागली हुती कानाला. आवं हवालदार, आज जेवला बी न्हाईसा. काय दुखतंय का?"

लालासाहेबांना मुंग्या दिसत होत्या. मग मुंग्यांच्या जागी दुसरं काही दिसायला लागलं. खाटेवरून घसरलेलं डोकं. तोंडात अडकलेला घास. माणूस हाक मारत नाही याची कारणं मोजायला घेतली की ती संपत नाहीत. त्यांनी सायकल काढली, "आर्धी सुट्टी लाव" म्हणाले आणि नाथाजीनं काही विचारायच्या आत फाटकाबाहेर पडले.

वैशाखाचं ऊन. रस्त्याचं डांबर चाकाला धरत होतं. कापलेल्या उसाच्या फडांतून गरम वारा येत होता. वाटेत कुणी रामराम घातला तो त्यांनी घेतला नाही. घरापाशी सायकल भिंतीला लावली, आणि दाराला हात घालणार तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला.

बाळाबाई हसत होती. आज दुपारी ती घरी गेलीच नव्हती. कालच्यानंतर जाईल कशी?

लालासाहेबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते तिथंच भिंतीला टेकले.

"म्हणा की अक्का! त्यात काय? म्या म्हणून दावू? लालासाहेब. झालं."

"तुला काय जातंय? तुजा कोण लागतोय?"

"लग्नात घेतलं आसंल की."

"तवा उखाणा हुता. उखाण्यात दडून घेता येतंय." मनुबाई थांबली. "ला... आगं बया, न्हाई व्हायचं माज्यानं. देव कोपायचा."

"ह्यापरास आनि काय कोपायचाय त्यो?"

दोघी हसल्या. मग बाळाबाई म्हणाली, "पर धम्मपाल तर म्हणत हुता कायबी चालतंय. भाकरी म्हणा म्हणला हुता."

"त्येचं ऱ्हाऊ दे. ह्येंनी सांगितलंय नाव लागतंय म्हणून. फौजेत वायरलेसवर हुतं ते. त्यास्नी कळतंय."

लालासाहेबांनी हात दाराकडं नेला आणि तसाच मागं घेतला.

"बरं, मग मशिन सुरू करते," बाळाबाई म्हणाली. "साक्षीनं दावलंय मला. हे दाबलं की आदी जुनं दिसतंय... हां, आलं. नंबर बोला अक्का, तुमाला तोंडपाठ हाय न्हवं."

"पाठच हाय. दुसरं काय काम हाय मला?" मनुबाईनं नंबर सांगितला. "...शेवटाला चार."

"पाच."

"चार गं."

"पाच हाय अक्का. काचंत दिसतोय. मी काय आंधळी हाय?"

आत पंखा तेवढा फिरत होता. लालासाहेबांच्या मानेवरून घाम सदऱ्यात उतरला.

"आदी तर लागायचा की ह्याच नंबराव," बाळाबाई म्हणाली. ती आता हळू बोलत होती. "दिवाळीपासनं लागत हुता. मग ह्यो पाच कुणी...?" तिनं वाक्य तिथंच सोडलं. पुष्कळ घरांत वावरलेली बाई होती. कुठलं वाक्य पुरं करायचं नसतं हे तिला माहीत होतं.

"मग सोपं झालं की," बाळाबाई उसन्या उत्साहानं म्हणाली. "आवाजात काय खोट न्हवतीच. पाचाचा चार करते. आवं हाय तसंच ऱ्हाऊ दे. कशाला नावाच्या भानगडीत पडताय?"

बाहेर लालासाहेबांनी डोळे मिटले. तेवढंच होऊ दे, असं ते कुणाला तरी मनात म्हणाले. पाचाचा चार. झालं गेलं सगळं पूर्वीसारखं.

"नगं," मनुबाई म्हणाली.

"आँ?"

"नंबर चारच घाल. पर आवं पूस, नावच घाल."

"अक्का..."

"दाब तू बटण."

यंत्र वाजलं. मडमनं इंग्रजीत विचारलं.

"लालासाहेब," मनुबाई म्हणाली.

अडखळली नाही. लाजली नाही. आवाज चढलासुद्धा नाही. हजेरी घेणारा माणूस पुढ्यातल्या रांगेकडं न बघता जसं नाव वाचतो, तसं तिनं ते उच्चारलं. मडमनं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा म्हटलं, पहिल्यासारखंच, तंतोतंत. भिंतीला टेकलेल्या लालासाहेबांची पाठ आपोआप सरळ झाली आणि टाचा एकमेकींना चिकटल्या.

"घेतलं बघा एका दमात," बाळाबाई पुटपुटली. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

"आता लावते," मनुबाई म्हणाली.

गाल दाबला असावा. तिनं नाव घेतलं, यंत्रानं तिच्याच आवाजात ते परत म्हटलं, नंबर फिरला, आणि घंटा जाऊ लागली. ती फार वेळ वाजावी लागली नाही.

"हालो, गेट." नाथाजीचा आवाज खोलीभर पसरून खिडकीतून बाहेर आला.

"हवालदार हायती का?"

"न्हाईत वैनी. आर्धी सुट्टी लावून घरला गेल्यात. पोचलं न्हाईत व्हय अजून? मला वाटलं तुमालाच कायतर झालं."

"मला काय हुतंय!"

"मग काय की वैनी. हितं गाडीतळाव बंद केबिनीत एक फोन रोज दुपारचा वाजतोय. आज वाजला न्हाई, तर हवालदार जेवलं न्हाईत. सारकं तिकडं बघायचं. आन् एकाएकी सायकल काढली."

मनुबाईनं विचारलं, "फाटकाव ऐकू येतंय व्हय तितलं?"

"तर वो! मोकळं रान हाय. काल तर लय वाजला. आमी दोघं बी ऐकत बसलो हुतो."

"बरं."

"काय निरोप सांगू का, आलं तर?"

"नगं. पोचत्याल."

फोन बंद झाला. बाळाबाईच्या बांगड्या वाजल्या. ती उठली असावी. मग तीच खिडकीशी आली आणि भिंतीला लावलेली सायकल तिनं बघितली. सायकलीपासून लालासाहेबांपर्यंत फार अंतर नव्हतं. तिनं त्यांच्याकडं बघितलं, पदर खांद्यावर नीट केला आणि आत वळून एवढंच म्हणाली,

"अक्का, मी पाणी आणते आडावरनं."

घागर घेऊन ती त्यांच्या बाजूनं निघून गेली. दार उघडंच राहिलं.

लालासाहेब आत गेले. वहाणा काढायचं ध्यानात राहिलं नाही. मनुबाईच्या मानेवरच्या गांधी आता काळपट पडल्या होत्या. एका गांधीवर वेणीतून सुटलेली बट आली होती. ती त्यांनी बोटानं बाजूला केली. तिनं करू दिली. तिला दुसरं काय करता येणार होतं, हे मनात येऊन त्यांचं बोट तिथंच थबकलं.

"आगं," ते म्हणाले.

मनुबाई आढ्याकडं बघत होती.

"लागला बघा फोन," ती म्हणाली. "पर तुमी तितं न्हवतासा."